पैसे घेताना परतीची वाट आधी पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांची ‘गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे दुकानदारापर्यंत पोहोचवणारी सेवा) कुठला घ्यावा’ ही चर्चा बहुधा कमिशनपाशीच थांबते. आलेला पैसा कोणत्या कारणाने आणि किती दिवसांपर्यंत परत जाऊ शकतो, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

कमिशनचे थोडक्यात सांगतो. दर अनेकदा टक्केवारी अधिक ठरावीक रक्कम असा असतो. समजा, 2 टक्के अधिक 3 रुपये असा दर आहे. 100 च्या बिलावर 5 जातात, म्हणजे 5 टक्के. 1000 च्या बिलावर 23, म्हणजे 2.3 टक्के. आपले सरासरी बिल काढल्याशिवाय दरपत्रकांची तुलना व्यर्थ आहे.

कार्डाची रक्कम खात्यात जमा झाली तरी व्यवहार संपत नाही. ग्राहक आपल्या बँकेकडे हरकत घेऊ शकतो, हा चार्जबॅक. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच कारणांसाठी त्याची मुदत 120 दिवस आहे. हरकत आली की साधारणपणे रक्कम कापली जाते, वर वेगळे शुल्क लागते आणि उत्तराला मोजकेच दिवस मिळतात. तेव्हा धावाधाव करून पुरावे सापडत नाहीत. बिल, कुरिअरची पोच आणि ग्राहकाशी झालेले संभाषण ऑर्डर क्रमांकानुसार सुरुवातीपासूनच जपायला हवे. थ्री-डी सिक्युअरने, म्हणजे पैसे भरताना ओटीपी वगैरेने होणाऱ्या कार्डधारकाच्या पडताळणीने, खात्री झाली असेल, तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या तक्रारीची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीपुढे त्याचा उपयोग नाही. काही हरकती तर स्टेटमेंटवर दुकानाऐवजी भलतेच नाव दिसल्याने येतात. ते नाव गेटवेच्या सेटिंगमध्ये आधीच तपासावे. आणि हरकत दाखल झाल्यावर घाईने वेगळा रिफंड देऊ नये. पैसे दोनदा जाण्याची भीती असते.

रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर द्यावा. जादा रक्कम भरून ‘फरक दुसऱ्या खात्यात पाठवा’ म्हणणारा ग्राहक दिसला, तर चोरीच्या कार्डाचा संशय घ्यावा.

कार्डाचे तपशील स्वतःच्या फॉर्मवर किंवा चॅटवर घेऊच नयेत. गेटवेच्या पानावर ग्राहकाला पाठवले की पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाचा बराच भार हलका होतो. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला सुरक्षा क्रमांक) साठवणे या मानकानुसार निषिद्ध आहे.

सर्वाधिक घोळ होतो तो ‘पेमेंट यशस्वी’ या पानावर विसंबल्याने. पैसे भरताच ग्राहकाचे नेट गेले, तर ते पान उघडतच नाही आणि ऑर्डर अडकते. उलट, त्या पानाचा पत्ता थेट टाइप करून कुणी फुकट माल नेऊ शकतो. म्हणून गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरवर आपोआप येणारा ‘वेबहुक’ संदेशच प्रमाण मानावा. तो खरोखर गेटवेकडूनच आला आहे ना, हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासावे. रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक जुळवावेत. तोच संदेश दोनदा येऊ शकतो, तेव्हा त्या ऑर्डरचा माल पुन्हा निघणार नाही, अशी तजवीज हवी.

थेट बँक ट्रान्सफरमध्ये कार्डासारखा चार्जबॅक नसतो, खर्चही बहुधा कमी; पण जुळवणी हाताने करावी लागते. ग्राहकाला शेऱ्यात ऑर्डर क्रमांक लिहायला सांगावा. स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, म्हणून रक्कम आपल्या खात्यात दिसल्यावरच माल पाठवावा.

गेटवे कंपन्यांना विनंती अशी की, चार्जबॅकचे शुल्क, उत्तराची मुदत आणि रक्कम रोखून ठेवण्याच्या अटी त्यांनी दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर, कमिशनशेजारी छापाव्यात.

आपला विश्वासू,
एक वाचक