पाच पायांची शेळी

प्रिय नंदे,

तुझी शेळी छापून आलीय. तीच, तू चितारलेली, पाच पायांची! १२० रुपयांच्या गाइडात. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

घरी सगळे बरे, माझी शुगर आहे तिथंच आहे. सासूबाईंचा गुडघा कसाय?

तर चौथीतल्या एका पोराची आई शाळेत आली. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली. पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं गाइड काढून म्हणते, "मॅडम, असलं काहीतरी शिकवा की वर्गात." उघडते तर आपलीच अपूर्णांकांची कार्डं! लॉकडाऊनमध्ये तुझ्या ओसरीवर बसून केलेली. '१२ शेळ्यांपैकी पाव शेळ्या काळ्या' हा तुझा वाह्यातपणासुद्धा जसाच्या तसा. तळाची आपली नावं आणि 'नाव द्या आणि हवं तसं वापरा' ही ओळ मात्र कातरलीय. तुझ्या नावावरचा अनुस्वार तेवढा उरलाय. आणि पहिल्याच पानावर दम दिलाय: सर्व हक्क राखीव, नक्कल केल्यास कारवाई.

काय बोलणार त्या बाईला? हीच कार्डं मी पोराला फुकट दिली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहून झालाय त्यांचा. विकत घेतलेल्याला कव्हर, फुकटच्यावर तूरडाळ.

आता तू म्हणणार, "मी सांगत होते." सांगत होतीस खरी. कार्डांच्या परवान्यात 'व्यावसायिक वापर नको' अशी अट घाल म्हणून अबोलाही धरलास, माझी शेंगदाण्याची चटणी मात्र तेव्हाही चाटूनपुसून खाल्लीस. पण ती अट घातली असती तर बापू झेरॉक्सवाल्याचं काय? तो संच बांधून वस्त्यांवरच्या शाळांच्या मास्तरांना विकतो, वर दोन रुपये ठेवतो. तोही धंदाच की. आणि स्टोरीवीव्हर या साइटवरच्या गोष्टी आपण पोरांच्या बोलीत फिरवून छापल्या, त्या कशाच्या जोरावर? ती साइट चालवणाऱ्या प्रथम बुक्सनं शेवटच्या पानावर 'सीसी बाय', म्हणजे नाव देऊन बदला, वाटा, विका, असा परवाना लिहून ठेवला म्हणूनच ना. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण त्यातला धडा बदलून वाटायचा म्हटलं तर हक्क मंडळाचे. दीक्षा ॲपचे क्यूआर कोड आहेत पुस्तकात, पण आमच्याकडं रेंज टेकडीवर. म्हणून कागद, आणि कागद म्हणजे बापू. मी माझ्या म्हणण्यावर अजून ठाम आहे, चिडायचं तर चीड.

काल रात्री आपल्या कार्डांचा 'सीसी बाय' परवाना पुन्हा वाचला. आपली आवृत्ती ४.० आहे. नाव न देता वापरलं की तो आपोआप संपतो, आणि चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली की पुन्हा लागू होतो. म्हणजे मी पत्र टाकलं तर ते लोक आपली नावं छापून मोकळे होतील. गोची तिथंच आहे. खासगी गाइडवर झेडपीच्या बाईचं नाव! विस्तार अधिकारी दुसऱ्या दिवशी खुलासा मागतील, आणि परवाना म्हणजे काय हे मी त्यांना समजावीपर्यंत रिटायर होईन. नाव नको असेल तर काढायला लावायचा हक्कही आहे म्हणे. म्हणजे हमाली आपली, नाव कुणाचंच नाही.

म्हणून एक सुचतंय. तू नोकरी सोडलीस, तुला कोण विचारणार? फक्त तुझं नाव द्यायला सांगते. नावासोबत परवान्याचा उल्लेख आणि दुवाही द्यावा लागतो, आणि त्या पानांपुरता 'नक्कल केल्यास कारवाई'चा दमही टिकत नाही. थोडक्यात, हे कुणीही फुकट छापून घ्यावं असं त्यांच्याच गाइडात छापून येईल. ती बाई नाही वाचणार, पण तिचा पोरगा वाचेल. वाचतो छान.

पैसे मागायचे का, हे विचारू नकोस. परवान्यानं विकायची मुभा आपणच दिलीय.

पोरीच्या अकरावीचं काय झालं? यादी लागली का? नवं घर लाभलं ना? फोन नको, शाळेत उचलता येत नाही. हो की नाही तेवढं लिहून कळव, आणि नाव सासरचं टाकायचं की माहेरचं, तेही.

तुझी,
शकू