‘सगळ्यांना मुभा द्या’ हा सल्ला कृपया दुरुस्त करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बुधवारच्या पुरवणीतलं संगणकाच्या अडचणींचं सदर मी नेमाने वाचते. मागच्या बुधवारी एका वाचकाने विचारलं होतं, की लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) संगणकावर शेअर केलेलं फोल्डर घरातल्या विंडोजच्या लॅपटॉपवर दिसत नाही, काय करू? उत्तरात चार उपाय होते. फायरवॉल (नेटवर्कवरून नको ती जोडणी अडवणारा पहारा) बंद करा, लॅपटॉपवर एसएमबी-१ (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा, फोल्डरला ७७७ परवानगी (म्हणजे कुणालाही वाचायची, लिहायची, पुसायची मुभा) द्या, आणि पासवर्ड न विचारता पाहुण्यांना आत घ्या. हे चारही उपाय माझ्या घरात करून झाले आहेत. म्हणून हे पत्र.

सांगलीच्या गावभागात आमचा फोटो स्टुडिओ होता. मिस्टर लग्नाचे फोटो काढायचे आणि मी निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. यशिका कॅमेऱ्यात १२० चा रोल, एका रोलवर बारा फोटो. खालून उजेड, डोळ्याला भिंग आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन नवरीच्या गालावरची पुटकुळी एकेक ठिपका देत भरून काढायची. एक चेहरा नीट व्हायला अर्धा तास लागे. अशी २२ वर्षं गेली. २०१६ ते २०१८ मध्ये आम्ही दोघांनी त्या सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून ठेवल्या, ते बरं झालं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आमचं तळघरातलं कपाट आठवडाभर पाण्यात राहिलं. निगेटिव्हवरचं जिलेटिन फुगून पाकिटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. स्कॅनची डिस्क सुनेने पदरात गुंडाळून वर नेली होती, तेवढी वाचली. आज लोक आईवडिलांच्या लग्नाचा फोटो मागायला येतात, तो त्या डिस्कवरूनच निघतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सांभाळ कंपनीने थांबवला आणि आमचा जुना संगणक विंडोज ११ घेईना, तेव्हा भाच्याने त्यावर उबुंटू हे लिनक्स घातलं. जुनी डिस्क टकटक आवाज करायला लागली होती, म्हणून सगळं नव्या डिस्कवर उतरवून जुनी भंगारात दिली. संगणक छान चालतो, माझी काही तक्रार नाही. सुनेच्या लॅपटॉपला प्रिंटर जोडलेला असल्यामुळे फोटो तिला तिच्या खोलीत उघडायला हवे होते. लिनक्सवर हे काम ‘सांबा’ करतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमाराला तो पहिल्यांदा लोकांना दिला. एस, एम आणि बी ही अक्षरं असलेला शब्द कोशात धुंडाळून त्यांनी हे नाव ठेवलं. विंडोजला कळेल अशा भाषेत फाइल देणं हे त्याचं काम.

आमच्याकडे दोन गोष्टी अडल्या होत्या. लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’ खिडकीत आमचा संगणक दिसत नव्हता. आणि पत्ता टाकून गेलं तर ‘फोटो’ नावाचं फोल्डर दिसायचं, पण उघडायला गेलं की ‘परवानगी नाही’. भाचा पुण्याला निघून गेला होता. बोलावलेल्या कारागिराने तुमच्या सदरातले तेच चार उपाय केले. ७७७ देऊनही फोल्डर उघडेना, तेव्हा येणाऱ्या कुणालाही डिस्कच्या मालकाचेच अधिकार मिळतील अशी ओळ त्याने सेटिंगमध्ये टाकली. लगेच उघडलं. आम्ही पैसे दिले, चहा दिला.

संक्रांतीला पाहुणे आले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाइल होता आणि आमच्या वायफायचा पासवर्ड होता. फाइल बघण्याच्या ॲपमध्ये त्याला ‘फोटो’ दिसलं आणि खेळता खेळता १९८६-८७ चं अख्खं फोल्डर पुसलं गेलं. त्या लेकराचा यात काही दोष नाही. नेटवर्कवरून पुसलेली फाइल संगणकाच्या कचरापेटीत जात नाही, थेट जाते, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. त्यात १,१२८ स्कॅन होते.

भाच्याने फोनवरून पहिली गोष्ट सांगितली ती ही, की डिस्कवर आता काहीही लिहू नका, संगणक बंद करा. हे ज्याला ज्याला सांगता येईल त्याला मी सांगते. शनिवारी तो आला आणि फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने त्याने दुसऱ्या डिस्कवर ८७३ फोटो परत काढले. पण हा प्रोग्रॅम फोटो आणतो, नावं आणत नाही. ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा, अशी एकेकाची ओळख. कुणाचं लग्न, कुठलं कार्यालय, कोणती तारीख, सगळं गेलं. रोज दुपारी मी बसते आणि चेहरे ओळखते. काही मला माझ्याच पेन्सिलीवरून ओळखू येतात. एका नवरीच्या हनुवटीवरचा व्रण तिच्या आईने ‘तो राहू द्या’ म्हणून सांगितलं होतं. तो व्रण दिसला आणि घराणं आठवलं.

त्याच शनिवारी त्याने मूळ दुखणं शोधलं. तेही लिहिते, कारण तुमच्या वाचकाचं दुखणं बहुतेक हेच असणार.

‘नेटवर्क’ खिडकीत नाव न दिसणं हा मुळात वेगळाच प्रश्न आहे. पूर्वी ती नावांची यादी एसएमबी-१ च्या जमान्यातल्या पद्धतीने भरायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजमधल्या याच एसएमबी-१ च्या भगदाडातून जगभर पसरला, इंग्लंडची सरकारी इस्पितळंसुद्धा ठप्प झाली. त्याच वर्षी विंडोज १० ने नव्याने घातलेल्या संगणकांवर एसएमबी-१ देणं थांबवलं, आणि २०१९ मध्ये सांबानेही ते आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. आता विंडोज संगणकांना वेगळ्या पद्धतीने शोधतं. ती पद्धत एकट्या सांबाला येत नाही, त्यासाठी लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम घालावा लागतो. तोही नसला तरी चालतं. लॅपटॉपच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन १९२.१६८.१.७ असा आमच्या संगणकाचा आकडी पत्ता टाकला, की फोल्डर समोर येतं. लाइट जाऊन आली की राउटर हा आकडा बदलायचा, म्हणून भाच्याने राउटरमध्येच तो आमच्या संगणकासाठी राखून ठेवला. यादीत एक नाव दिसावं म्हणून २०१७ चं भगदाड पुन्हा उघडायचं काहीच कारण नव्हतं.

‘परवानगी नाही’चं कारण मला त्याने स्क्रीनवर दाखवलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘नेमआय’ ही आज्ञा, मग उणे चिन्ह आणि धाकटा ‘एल’, मग फोल्डरचा पूर्ण मार्ग. पडद्यावर मार्गातलं एकेक फोल्डर एकेका ओळीवर येतं आणि त्याच्यापुढे कुणाला काय मुभा आहे ते. आमची डिस्क उबुंटूने आपोआप ‘मीडिया’ फोल्डरात, त्यातल्या भाच्याने केलेल्या खात्याच्या नावाच्या फोल्डरात जोडली होती. हे मधलं फोल्डर त्या एका खात्याशिवाय बाकी सगळ्यांना बंद असतं. आतल्या खोलीला ७७७ देऊन काय उपयोग, ओसरीचंच दार लावलेलं होतं. म्हणून त्या कारागिराचं ७७७ लागू पडलं नाही आणि त्याने सगळ्यांना मालक करून टाकलं. ज्यांनी स्वतःच्या होम फोल्डरातलं काही शेअर केलंय त्यांचंही असंच अडतं. उबुंटूने २१.०४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना बंद ठेवलं आहे.

भाच्याने डिस्क ‘एसआरव्ही’ या फोल्डराखाली कायमची जोडून दिली. सुनेचं वेगळं खातं केलं, तिला लिहायची मुभा, टीव्हीला फक्त बघायची, बाकी कुणाला काही नाही. सांबासाठीचा पासवर्ड संगणकाच्या पासवर्डाखेरीज स्वतंत्र नोंदवावा लागतो, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ (smbpasswd) या आज्ञेने. सून आधी लॅपटॉपचा चार आकडी पिन टाकून बघत होती, तो इथे चालत नाही. फायरवॉल चालू ठेवून त्यात फक्त सांबाला वाट दिली, एका ओळीचं काम. सांबालाही कचरापेटी लावता येते, ती लावली. आणि सगळ्या फोटोंची दुसरी प्रत मिरजेला नणंदेकडे ठेवली, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती ताजी करतो. सगळं मिळून अडीच तास लागले.

आपल्या सदराचं उत्तर चुकीच्या हेतूने लिहिलेलं नाही, हे मी जाणते. या विषयावर मराठीत वाचायला फार थोडं मिळतं आणि आपण ते छापता, याचं मला अप्रूप आहे. पण वर्तमानपत्रात आलेलं उत्तर लोक कापून ठेवतात. माझ्या वयाच्या माणसांनी स्वतः केलेलं काम, आईवडिलांचे आवाज, नातवंडांचे फोटो असेच एखाद्या डिस्कवर ठेवलेले असतात. येत्या बुधवारी, त्याच सदरात, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी ही कळकळीची विनंती. फायरवॉल चालू ठेवा, एसएमबी-१ ला हात लावू नका, आधी आकडी पत्ता टाकून बघा, मग मार्गातलं प्रत्येक फोल्डर तपासा, आणि लिहायची मुभा नाव घेऊन द्या. एवढं छापलंत तरी पुरे.

आणखी एक. ८७३ पैकी १४० फोटो मला अजून लागलेले नाहीत. १९८६-८७ मध्ये सांगलीत ज्यांची लग्नं झाली आणि फोटोच्या मागे ज्यांना गावभागातल्या स्टुडिओचा निळा शिक्का दिसतो, त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. माझा पत्ता मी स्वतंत्र चिठ्ठीवर दिला आहे, तो छापू नये. दुपारी तीननंतर मी घरीच असते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रिटचर, सांगली