नामीच्या शेजारी उभी असलेली रूथ: बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र मी तुमच्या हातात दिले असते, तर तुम्ही ते वाचून, घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवून दिले असते आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर मला एवढेच म्हणाला असता की, उपकार प्रभूचे मानायचे, माझे कशाला. प्रभूचे उपकार आम्ही रोज मानतो. परंतु ज्या माणसाच्या हातून प्रभूने आमचे घर सावरले, त्या माणसाचे नाव न घेता केलेली उपकारस्तुती मला अपुरी वाटते, आणि तुमचे नाव लिहू नये ही तुमची इच्छा मी पाळत असल्यामुळे निदान तुम्ही काय केलेत ते तरी चार लोकांना कळावे, म्हणून हे सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

सासूबाई जून 2018 मध्ये न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, अंग पुसणे, भरवणे आणि मधल्या वेळेत शाळेच्या गणवेशांची शिलाई करणे, असा माझा दिवस सुरू झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये यजमानांचा कारखाना बंद पडला आणि एकोणीस वर्षांची नोकरी एका कागदावर संपली. आमची दोन्ही मुले तेव्हा शाळेत होती.

श्रमांची मला तक्रार नव्हती, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितले होते. मला सहन होत नव्हते ते दुसरेच होते. सासूबाईंना भेटायला मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, कोणीही आले की त्या डोळ्यांना पदर लावून म्हणत, "मला कोणी उरले नाही, दोन मुले पुण्याला आणि मी इथे एकटी." हे त्या बोलत असताना मी त्यांच्या उशाशी चहाचा कप धरून उभी असे. पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडत असे आणि रात्री यजमानांशी भांडत असे. त्या भांडणांत पवित्र शास्त्रही ओढले गेले, याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. बायकांनी पतीच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्रातील वचन यजमान मला ऐकवत. आणि घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, हे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातील वचन मी नोकरी गेलेल्या माणसाला ऐकवत असे.

अशा घरात तुम्ही जानेवारी 2020 मध्ये दर गुरुवारी दुपारी येऊ लागलात. शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला बरीच वर्षे झाली होती आणि गुडघ्यांमुळे आमचा जिना चढणे तुम्हाला जड जात होते, तरीही तुम्ही आलात. मला मनातून वाटले होते की, संडे स्कूलमध्ये आम्हाला दहा आज्ञा पाठ करून घेणाऱ्या बाई आता सासूबाईंना चार शब्द सुनावतील, किंवा मला तरी सहनशीलतेवर प्रवचन देतील. तुम्ही दोन्हीही केले नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतलीत, आम्हा सर्वांना बसवलेत आणि म्हणालात की, रूथचे पुस्तक चारच अध्यायांचे आहे, पंच्याऐंशी वचनांचे, तेव्हा एका गुरुवारी एक अध्याय असे महिनाभरात वाचून होईल. तुमची अट एकच होती, की मधले काही गाळायचे नाही.

रूथची कथा मला लहानपणापासून पाठ होती, किंवा मी तसे समजत होते. लग्नाच्या उपासनांमधून आम्ही तिचे "तुम्ही जाल तिकडे मी येईन" हे उद्गार इतक्या वेळा ऐकले आहेत की, ते एका सुनेने सासूला उद्देशून काढले आहेत, याचाही विसर पडतो. तुम्ही मात्र त्या उद्गारांपाशी थांबला नाहीत. पुढे वाचत गेलात. रूथ आणि तिची सासू नामी, दोघी मवाबातून बेथलेहेमला पोहोचतात, गावातल्या बायका विचारतात की ही नामीच का, आणि नामी उत्तर देते की मला नामी म्हणू नका, मारा, म्हणजे कडू, म्हणा, कारण मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले. इथे तुम्ही पुस्तकातून मान वर करून हळूच विचारलेत, "हे ती बोलत होती तेव्हा रूथ कुठे होती?"

खोलीत कोणी बोलले नाही. रूथ तिच्या शेजारीच उभी होती. मी सासूबाईंकडे पाहिले नाही आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पण तेवढ्या वेळात माझ्या छातीवरचे ओझे हलले, कारण जे मला वर्षभर कोणालाही समजावून सांगता आले नव्हते, ते पवित्र शास्त्रात लिहिलेले होते. तुम्ही लगेच नामीची बाजूही सांगितलीत, आणि ते फार बरे केलेत. नवरा आणि दोन तरुण मुलगे परक्या मुलुखात पुरून आलेल्या बाईला शेजारचे माणूस दिसत नाही, याला तिचा दुष्टपणा म्हणायचे नाही, दुःख माणसाची नजर अशीच बांधून टाकते, असे तुमचे म्हणणे होते. ज्या बाईने आयुष्यभर विहिरीचे पाणी ओढले, संक्रांतीला साऱ्या आळीला तिळगूळ वाटला, तिला आता कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, हे त्या दिवशी मला प्रथमच त्यांच्या बाजूने दिसले.

दुसऱ्या गुरुवारी रूथ शेतात सरवा वेचायला गेली. सरवा हा शब्द वाचताच सासूबाईंनी आपण होऊन बोलायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी ज्वारी काढून नेल्यावर पडलेली कणसे वेचायला त्या आईबरोबर जात असत आणि काही शेतकरी मुद्दाम मागे थोडे ठेवत असत. रूथ वेचत होती त्या शेताचा मालक बवाज यानेही आपल्या गड्यांना तेच सांगितले आहे, हे तुम्ही दाखवलेत. पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा आणि तिला धमकावू नका. त्याच अध्यायात आणखी एक बारीक गोष्ट आहे. बवाजाने रूथला भाजलेले धान्य दिले, ती पोटभर जेवली, उरलेले तिने जपून ठेवले आणि घरी येऊन सासूला दिले. ते दिवस हुरड्याचे होते. त्या शनिवारी मी मार्केटमधून हुरडा आणला, गरम करून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सासूबाईंना एकेक चिमूट भरवला, आणि त्यांनी मला विचारले, "तू खाल्लास का?" दीड वर्षात त्यांनी मला असे प्रथमच विचारले होते. मी तुम्हाला हे फोनवर सांगितले तेव्हा तुम्ही काही वेळ बोलला नाहीत, ते मला आठवते.

यजमानांना तुम्ही जे सांगितलेत, ते मी दाराआडून ऐकले होते, हे आता कबूल करते. बवाजाने रूथला धान्य दिले हे सर्वांच्या लक्षात राहते, पण त्याआधी त्याने तिला तोंडाने सांगितले की, तू सासूसाठी जे जे केलेस ते सर्व मला समजले आहे. धान्य नंतर आले आणि ते वाक्य आधी आले, असे तुम्ही म्हणालात. मग इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून एकविसावे वचन त्यांनाच मोठ्याने वाचायला लावलेत. ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन व्हा, हे त्यात आधी आहे आणि बायकांविषयीचे वचन त्याच्या नंतर आहे. आणि पतीला तर पुढे ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती करायला सांगितले आहे. पंडिता रमाबाईंनी खेड्यापाड्यांतल्या साध्या बायकांना समजेल असे मराठी शास्त्र हाती देता यावे, म्हणून इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि दौंड तालुक्यातील केडगावला बसून आयुष्याच्या अखेरपर्यंत भाषांतर केले, हे तुम्ही आम्हाला संडे स्कूलमध्ये सांगितले होते. त्या बाईंनी एवढे कष्ट घेतले ते आपण एकेक वचन तोडून एकमेकांना फेकून मारावे म्हणून नव्हे, हे त्या दिवशी तुम्ही यजमानांना सांगितलेत. दाराआड उभ्या असलेल्या मलाही ते तितकेच लागू होते.

नोकरी गेली तेव्हा आम्हाला धीर द्यायला आलेल्या अनेकांनी, यातही देवाची काही योजना असेल, त्याबद्दल उपकार माना, असे सांगितले होते. त्यांचे मन चांगले होते, पण माझ्या तोंडून ती प्रार्थना निघत नव्हती. तुम्ही थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील वचन दाखवलेत. पौल "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करा असे म्हणतो. स्थितीत, स्थितीबद्दल नव्हे. मी तेव्हा जरा हट्टानेच विचारले होते की, मग इफिसकरांस पत्रात "सर्व गोष्टींबद्दल" असे का आहे. तुम्ही क्षणभर थांबून म्हणालात, "तिथवर मीही अजून पोहोचलेले नाही. आपण 'स्थितीत'पासून सुरुवात करू." बाई, कोणत्याही प्रवचनापेक्षा तुमच्या त्या उत्तराने माझा विश्वास अधिक टिकवला आहे.

आणि ती सुरुवातही तुम्ही अगदी साधी ठेवलीत. रात्रीच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानण्याआधी प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचे, त्या दिवशीच्या एका कामाबद्दल, नाव घेऊन आभार मानायचे. पहिले काही दिवस आम्ही सगळेच अवघडलो. मुलगा डब्यातल्या पोळीभाजीच्या पुढे जाईना आणि यजमान तर मान खाली घालून बसत. मग एका रात्री ते म्हणाले, "आईला दुपारी तीन वेळा वळवलेस, मी पाहिले." एवढेच. त्या रात्रीनंतर रात्री बाराची आणि दोनची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली, ती शेवटपर्यंत.

फेब्रुवारीत सासऱ्यांच्या स्मरणाच्या प्रार्थनेला दोन्ही दीर आले होते. जेवणानंतर तुम्ही त्यांना थांबवून घेतलेत आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातील, मी यजमानांना ऐकवत असे त्याच अध्यायातील चौथे वचन वाचलेत, ज्यात मुलांनी आणि नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्माने वागायला आणि वडीलधाऱ्यांचे उपकार फेडायला शिकावे असे आहे. नंतर वही काढून औषधे, डायपर, डॉक्टरांची फी आणि माझ्या शिलाईचे बुडालेले तास असा महिन्याचा हिशेब मांडलात. माझे तास त्या हिशेबात येतील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. धाकट्या भावजींनी दिवसाच्या चार तासांसाठी एक बाई लावून तिचा पगार दरमहा पाठवला, आणि लॉकडाऊनमध्ये ती येऊ शकत नव्हती तेव्हाही तो थांबवला नाही. मोठे भावजी रागावून निघून गेले. चांगले जेवढे झाले तेवढेच लिहावे, असे मनात आले होते, पण तुम्हाला अर्धे वाचलेले आवडत नाही.

मार्चपासून तुमचे येणे बंद झाले तरी गुरुवारी दुपारी चारला फोन वाजत असे. फोन स्पीकरवर ठेवून सासूबाई तुमच्याबरोबर ना. वा. टिळकांची भजने म्हणत. त्यांना अक्षरओळख जेमतेम होती, पण ती भजने त्यांना ओव्यांसारखी पाठ होती.

रूथच्या चौथ्या अध्यायाबद्दल मला शेवटी लिहायचे आहे, कारण त्या गुरुवारी जे वाचले त्याचा अर्थ मला फार नंतर कळला. रूथला मुलगा होतो आणि गावातल्या बायका नामीला म्हणतात की, तुझ्यावर प्रीती करणारी ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. हे नामी स्वतः कुठेच म्हणत नाही. तिला दिसत नव्हते ते शेजारच्या बायकांनी पाहिले आणि तिच्यासमोर उच्चारले. सप्टेंबर 2022 मध्ये सासूबाई प्रभूकडे गेल्या. त्यांनीही मला तसे शब्दांत कधी सांगितले नाही; पण शेवटच्या वर्षात कोणी भेटायला आले की, "ही आहे ना माझ्याजवळ," असे म्हणत आणि माझा हात चाचपत. मातीच्या दिवशी, कबरस्तानातून परतल्यावर, सगळे नातेवाईक बसलेले असताना तुम्ही उठून ते चौथ्या अध्यायातले वचन वाचलेत आणि माझ्याकडे बोट दाखवलेत. मोठे भावजीही तिथे होते. बेथलेहेमच्या त्या बायकांचे शास्त्रात नाव नाही, आणि तुमचेही मी इथे लिहिलेले नाही.

यजमानांनी टाकलेली पिठाची गिरणी आता बरी चालते. यंदाच्या कापणीच्या सणाला आम्ही मंडळीत एक पोते ज्वारी नेली. लिलावात ती कोणी घेतली ते पाहायला तुम्ही थांबला नव्हतात, म्हणून कळवते की ती धाकट्या भावजींनी घेतली आणि तिथल्या तिथे तुमच्या शेजारच्या विधवा आजींकडे पोहोचवली. रात्रीचे आभार अजून चालू आहेत, फक्त मुलगी आता पुण्याहून फोनवर सांगते.

मोठे भावजी मात्र अजून आमच्याकडे येत नाहीत. यजमानांनी गेल्या नाताळात करंज्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारापर्यंत जाऊन पाहिले. डबा आत घेतला गेला, पण बसा असे कोणी म्हणाले नाही. या नाताळातही ते जाणार आहेत आणि मीही बरोबर जाणार आहे. तेवढ्यासाठी तुमच्या गुरुवारच्या प्रार्थनेत आमची आठवण ठेवावी, ही विनंती.

तुमच्या गुडघ्यांसाठी तेल काढून ठेवले आहे. जिना चढू नका, मीच येते.

तुमची विद्यार्थिनी