मोटार कशानं जळाली?

चि. माई हिस,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू रडत होतीस, शेजारी आई होती, म्हणून मी फार बोललो नाही. आता शटर अर्धं ओढून दुकानातच लिहायला बसलोय.

तू नवी तार गुंडाळून भरलेली 5 एचपीची मोटार अठरा दिवसांत जळून परत आली आणि मालक सगळ्यांसमोर म्हणाले की पोरीच्या हाताला सफाई नाही. ते मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात मला ठाऊक आहे. दिवाळीत तू कडबाकुट्टीची मोटार भरलीस, ती मी तुझ्या नकळत बॅटरीच्या उजेडात बघितली होती. स्लॉटबाहेर, म्हणजे तार बसते त्या खाचांबाहेर, पेपर सगळीकडे सारखा निघालेला, दोरी घट्ट, तारेवर तार चढलेली नाही. आयटीआयमधून नुकतं बाहेर पडलेल्याकडून याहून जास्त कोण मागणार?

पण मी विचारलं, कोणत्या कॉइली काळ्या पडल्या होत्या? तू म्हणालीस, "आप्पा, ते बघितलंच नाही. छिन्नीनं कापून काढल्या." तेवढ्यासाठी हे पत्र.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 1998 साली दुकान टाकून मला दुसरं वर्ष होतं. कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याची अशीच 5 एचपीची मोटार आली. भरून दिली, बारा दिवसांत परत. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून दुसऱ्यांदा फुकट भरली. नऊ दिवसांत पुन्हा परत. तिसऱ्यांदा तो माणूस दारात उभा राहिला तेव्हा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ऊस वाळला ओ, पाण्याच्या दोन पाळ्या गेल्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या शेतावर गेलो. स्टार्टर उघडला. तीन पॉइंटांपैकी दोन चांदीसारखे स्वच्छ, तिसरा खाल्लेला आणि काळा. तो कधी लागायचा, कधी नाही. म्हणजे चालत्या मोटारीला वीज आणणाऱ्या तीन फेजांपैकी एक मधूनच जायचा. चालू मोटार फेज गेला म्हणून लगेच थांबत नाही, ती घुमत राहते आणि उरलेल्या दोन फेजांतून जादा करंट ओढत राहते. ओव्हरलोड रिलेनं ती पाडायला हवी होती, पण सारखी ट्रिप होते म्हणून कुणीतरी रिलेचा काटा 14 अँपिअरवर नेऊन ठेवला होता. 5 एचपीची मोटार पूर्ण लोडला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. मग तो रिले असून नसल्यासारखा. पॉइंट बदलला, काटा खाली आणला. त्यानंतर ती मोटार कित्येक वर्षं चालली.

मला लागलं ते पुढचं. हे सगळं पहिल्याच दिवशी त्या मोटारीत लिहिलेलं होतं. 36 स्लॉटची, चार पोलची, डेल्टात, म्हणजे तिन्ही फेजांच्या कॉइली त्रिकोणात, जोडलेली मोटार. तिचा एक फेज गेला की एकाच फेजच्या कॉइली जळतात, आणि त्या चार ठिकाणी सारख्या अंतरावर असतात. घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ असतात तशा. स्टारची, म्हणजे तिन्हींची टोकं एका ठिकाणी बांधलेली, असेल तर उलट, दोन फेज काळे आणि एकाच्या कॉइली नव्यासारख्या. मी ते चार काळे पट्टे दोनदा डोळ्यांनी पाहिले आणि दोन्ही वेळा कापून भंगाराच्या पोत्यात टाकले.

म्हणून पोरी, मोटार उघडल्यावर छिन्नी उचलायच्या आधी ती नुसती बघ. सगळं वाइंडिंग एकसारखं भाजलं असेल तर लोड जास्त झालाय, नाहीतर पंप कुठेतरी अडकलाय, नाहीतर व्होल्टेज पडतंय. एकच कॉइल काळी आणि बाकी सगळ्या लालसर स्वच्छ असतील तर टर्न टू टर्न शॉर्ट आहे, म्हणजे त्या कॉइलचे वेढे एकमेकांना लागलेत. तो मात्र भरणाऱ्याचा दोष असू शकतो, आणि असला तर सरळ कबूल कर. स्लॉटच्या तोंडाशी एकाच जागी भोक पडलं असेल तर तार लोखंडाला लागून मोटार अर्थ (earth) झालीय. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर बेअरिंग बघ, वाइंडिंगचा काही संबंध नाही. स्टेटर आणि आत फिरणाऱ्या रोटरमध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा जागा नसते. बेअरिंग ढिलं झालं की रोटर टेकलाच.

तुझ्या त्या मोटारीचं यातलं काय झालं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मालकांनाही नाही.

दुसरी गोष्ट तारेची. गेज, म्हणजे तारेची जाडी, मोजताना तिच्यावरचा इनॅमलचा थर ब्लेडनं खरवडू नकोस. त्यात तांबंही निघतं आणि मायक्रोमीटर कमी दाखवतो. काडीच्या जाळावर टोक धर, फडक्यानं पूस, मग मोज. 22 नंबरची तार 0.711 मिलिमीटर, 23 ची 0.610. बोटांना फरक कळत नाही, पण 23 ची घातलीस तर तांबं जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं कमी झालं. मोटार चालू होईल, गिऱ्हाईक पैसे देऊन जाईल आणि उन्हाळ्यात पूर्ण लोडवर ती तापून बसेल. आमच्या धंद्यात असं मुद्दाम करणारे आहेत. तांब्याच्या जागी अल्युमिनियम भरणारेही आहेत. तुला कुणी तसं करायला सांगितलं तर त्याच दिवशी घरी निघून ये. पगाराची काळजी करू नकोस.

2019 च्या ऑगस्टचा महापूर तुला आठवत असेल. तू आठवीत होतीस. पाणी उतरल्यावर भिलवडी, अंकलखोपकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून मोटारी आल्या. दुकानात जागा नव्हती, रस्त्याच्या कडेला रांग लावली होती. टर्मिनल बॉक्स उघडला की आतून गाळ वाहायचा. पुष्कळ जण म्हणाले, बुडलेली मोटार जळालेलीच समजायची, सरसकट भरून टाका. तसं केलं असतं तर त्या वर्षी घरावर माडी चढली असती. पण भिजलेली मोटार म्हणजे जळालेली मोटार नव्हे. आपण त्या गोड्या पाण्यानं धुतल्या, उन्हात ठेवल्या, रात्री पत्र्याच्या पेटीत 200 वॅटचे दोन बल्ब लावून शेकल्या. इन्सुलेशन तपासायच्या मेगरचा दांडा तू फिरवायचीस. पहिल्या दिवशी काटा शून्यावर पडलेला असायचा. दुसऱ्या दिवशी जरा हलायचा. चौथ्या दिवशी एक मेगओमच्या वर गेला की तू ओरडायचीस, "आप्पा, जगली!" त्या वार्निशमध्ये बुडवून, बेअरिंगं नवी घालून परत दिल्या. ज्यांची ऊस-द्राक्षं गेली होती त्यांचं निदान वाइंडिंगचं बिल वाचलं. काही नाही जगल्या, त्या भरल्या. पण आधी मेगर लावून, मग.

आता ग्राइंडरचं. तुमच्याकडे भोसरीत हँड टूल्सही येतात असं म्हणालीस. आर्मेचर, म्हणजे मशीनचा आतला फिरणारा भाग, ग्रोलर या तपासणीच्या चुंबकावर ठेवून हॅक्सॉचं पान धरायला तू शिकली आहेस, पान ज्या स्लॉटवर थरथरतं तिथं शॉर्ट. कार्बन झिजले असतील तर बदल, कम्युटेटर पॉलिश कर, हे सगळं तुला येतं. माझं सांगणं गार्डचं, म्हणजे पात्यावरच्या झाकणाचं आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. सुतारकाम करणारी पोरं गार्ड काढून त्याला लाकडाचं दातेरी पातं लावतात. पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं. असं एक मशीन मी कार्बन बदलून दिलं होतं, गार्डशिवाय. तो म्हणाला, गार्ड घरी आहे, आणि मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याची दोन बोटं गेली. दुरुस्ती माझी बरोबर होती. तरी तो बाजारात समोर आला की माझी नजर आधी त्याच्या हाताकडे जाते, अजून. तेव्हापासून गार्ड बसवल्याशिवाय मशीन काउंटरवर ठेवत नाही. गिऱ्हाईक चिडलं तर गार्डाचे पैसे मी घेत नाही. मशीन दुकानातून गेल्यावर कुठल्या स्टार्टरला लागणार, कुणाच्या हातात जाणार, ते विचारत जा, माई. मालकांना आवडलं नाही तरी विचार.

उद्या कामावर जा. ती मोटार ज्या कारखान्यात बसवली होती तिथला स्टार्टर बघायला जाऊ का, असं मालकांना नीट शब्दांत विचार. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. पण पुढची जळकी मोटार उघडशील तेव्हा आधी वहीत एक गोल काढ, 36 रेघा मार आणि काळ्या कॉइली पेनानं रंगव. मग स्लॉट, पिच, टर्न, गेज लिही. माझ्या वह्यांत असे गोल आहेत, तू लहानपणी त्यांना सूर्य म्हणायचीस.

शनिवारी इथून एक ओळखीचा माणूस पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर आईनं शेंगदाण्याची चटणी दिली आहे आणि मी माझा जुना मायक्रोमीटर. शून्य तपासून घे, मग वापर.

तुझा,
आप्पा

पलूस