नंदूस, दादाच्या आजाराबद्दल

मिरज,
१८ नोव्हेंबर

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आता पुढे काय काय होणार, ते खरं सांग." शेजारी वहिनी होत्या, म्हणून म्हटलं लिहूनच कळवतो. औषधांचं न्यूरॉलॉजिस्ट सांगतील, मी पडलो फिजिओथेरपिस्ट. पण मोटर न्यूरॉनचे, म्हणजे दादाला झालाय त्याच आजाराचे, पेशंट बरीच वर्षं हाताळतोय, त्यावरून जे कळलं ते लिहितो.

हात उचलायचा संदेश मेंदूतल्या पेशींकडून निघतो, मज्जारज्जूतल्या दुसऱ्या पेशींना मिळतो आणि तिथून थेट स्नायूत जातो. या दोन्ही पेशी हळूहळू मरतात, तो हा आजार. वरच्या गेल्या की स्नायू ताठरतात. खालच्या गेल्या की सुकतात आणि सुकताना कातडीखाली फडफडतात. दादाच्या दंडावर किडे वळवळल्यासारखं दिसतं म्हणालास ना, ते हेच. (तुझी पापणी फडफडते, तिचा याच्याशी संबंध जोडू नकोस. नुसती फडफड पुष्कळांना असते. सोबत ताकद जात असेल तरच काळजी.) हात सुकलेला, पण डॉक्टरांनी तपासायच्या छोट्या हातोडीने ठोकलं की झटका मात्र जोरात, ही उलटसुलट जोडी दिसली की डॉक्टरांना संशय येतो. पॅरिसमध्ये शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६९ मध्ये हे सगळं मांडलं, आणि तपासायची ती पद्धत आजही मोडीत निघालेली नाही.

आता दादाचं. शर्टाचं बटण लागेना, कुलपात किल्ली फिरेना, आणि तरी ना दुखणं ना मुंग्या. त्याचा उजवा पंजा उजेडात धरून बघ. अंगठ्याच्या मुळाशी असलेली गादी सपाट झाली असेल आणि करंगळीकडची त्या मानाने भरलेली असेल. "मणक्यात गॅप आहे, नस दबलीय" म्हणून सहा महिने ट्रॅक्शन (मान ताणायचा उपचार) आणि मानेच्या पट्ट्यात गेले, त्याचा तुला राग आहे. तो रास्तच आहे. पण या आजाराचं निदान व्हायला जगभर सरासरी वर्षभर तरी जातं. एका रक्ततपासणीत तो सापडत नाही. ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विजेच्या तपासणीत, त्यांची अवस्था कळते आणि एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला. शिवाय एक पेशी मेली की शेजारची जिवंत पेशी नव्या फांद्या फोडून तिचे स्नायूतंतू सांभाळते. म्हणून आतून बरंच काही गेलेलं असतं तरी माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. नक्की कधी सुरू झालं, या प्रश्नाला उत्तर नाही. ते शोधत बसू नका.

साधारण दोन तृतीयांश लोकांत सुरुवात हातापायांतच होते. कुणाच्या पायात चप्पल टिकत नाही, पंजा उंबऱ्याला अडकतो. चौघांतल्या एकाला पहिल्यांदा जीभ आणि घसा दगा देतात. बोलणं जड होतं आणि लोक तोंडावर विचारतात, घेतलीय का म्हणून. ज्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही, त्याला ते फार लागतं.

पसरताना आजार बहुधा शेजारच्या भागात सरकतो. दादाचा डावा हात आता कमजोर वाटतोय, ते त्यामुळेच. पुढे पाय की घसा, हे आधी सांगता येत नाही. वेग मात्र एकाच माणसात बराचसा सारखा राहतो, त्यामुळे गेल्या सहा महिन्यांवरून पुढचा थोडा अंदाज बांधता येतो.

घशाकडे लक्ष ठेवा. ठसका आधी पाण्याने लागतो, गुरगुट्या भाताने नाही. वजन दर पंधरवड्याला लिहून ठेवा. ते उतरू लागलं, जेवायला तास लागू लागला, की पोटात नळी बसवण्याचं विचारा. श्वास पुरता कमजोर झाल्यावर ते करणं जोखमीचं होतं. आणि दादा मध्येच कारण नसताना हसला किंवा हुंदके देऊ लागला, तर वहिनींना आधीच सांगून ठेव की तोही आजाराचाच भाग असू शकतो.

श्वासाचं सगळ्यात नीट वाच. सुरुवात धाप लागून होईलच असं नाही. सपाट झोपवत नाही, उशा वाढतात, झोप मोडते, सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते. छातीखालचा श्वासाचा पडदा दमतो आणि रात्री कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून हे होतं. यावर बायपॅप मशीन (मास्कमधून हवा ढकलून श्वासाला मदत करणारं) खरंच उपयोगी पडतं, आराम मिळतो आणि आयुष्यही वाढतं. मात्र घाबरून शेजाऱ्याकडचा ऑक्सिजन सिलिंडर आणून लावू नका. नुसत्या ऑक्सिजनने साठलेला वायू आणखी वाढू शकतो.

स्पर्श, नजर, कान शाबूत राहतात. डोळ्यांची हालचाल बहुतेकांची अगदी शेवटपर्यंत राहते, लघवी-शौचाचा ताबाही सहसा सुटत नाही. बुद्धीबद्दल लोक "काही होत नाही" म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. काहींचा विचार मंदावतो, थोड्यांना डिमेन्शियाही होतो. पण दादाशी मी परवा अर्धा तास बोललो, तो लख्ख आहे. म्हणून नळीचं, मशीनचं, पुढे गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावायचा की नाही याचं, त्याला विचारा, त्याचा आवाज आहे तोवर. तुम्ही सगळे स्वयंपाकघरात कुजबुजता आणि तो बाहेरच्या खोलीत बसून ऐकतो, हे मला पटलेलं नाही. त्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्डही करून ठेवा.

किती दिवस, हे तू विचारलं नाहीस, पण तुला हवंय. बहुतेकांना पहिल्या लक्षणापासून दोन ते पाच वर्षं. दहांतला एखादा दहा वर्षांपुढे जातो. स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण तुला दहाजण देतील. १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते फार मोठे अपवाद होते. या आजारावरच्या रिलुझोल गोळीने काही महिने मिळतात, ती बंद करू नका. स्टेम सेल उपचारांच्या जाहिरातींवर जमीन विकू नका. फायदा सिद्ध झालेला नाही. मुलांनाही होईल अशी भीती असेल तर, दहांतल्या नऊ जणांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. तुमच्याकडे आजोबांपासून कुणाला नव्हता ना? डॉक्टरांना तेवढं सांगा.

माझ्या कामाचं शेवटी. डंबेल्स बंद. तेलाने मालिश करा, त्याला बरं वाटेल, स्नायू मात्र त्याने परत येणार नाहीत. सांधे आखडू नयेत म्हणून रोज दोनदा हात-बोटं हलवून द्या. उठवताना दंडाला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधा आणि पट्ट्याला धरा. मी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. हाताला आधार द्यायच्या स्प्लिंटचं सामान आणतो. तोवर न्हाणीघरात कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घे, प्लंबरला उंची मी फोनवर सांगतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अरुण