मोजायचं काय, ते आधी ठरव

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या थीसिसचा आराखडा काल रात्री दोनदा वाचला. काढलेले दात, कॅनाल (मुळातली पोकळ नळी) भरायच्या तीन पद्धती, मग मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवून, दात उभे चिरून रंग किती मिलिमीटर आत गेला ते, म्हणजे भरावातून किती गळती होते ते, मोजायचं. विषय मनापासून आवडला, पण मोजायची रीत पटली नाही.

लॅटरल कंडेन्सेशन, म्हणजे गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाचे कोन बाजूला दाबत कॅनाल भरणं, तुझ्या हातात बसलेलं आहे. त्यात कोन कितीही दाबले तरी एकजीव होत नाहीत, मधल्या फटी सीलरच्याच, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाच्याच, भरवशावर राहतात. शिल्डर यांनी 1967 साली गटापर्चा गरम करून उभा दाबायची रीत मांडली. त्या रीतीने मऊ झालेला गटापर्चा आडवाटेच्या बारीक फाट्यांतही शिरतो. मात्र निवताना तो आकसतो, म्हणून तोवर दाब सोडायचा नाही. मुळाच्या टोकाबाहेर जाण्याची भीतीही त्यात जास्त. सिंगल कोनला, म्हणजे एकच कोन आणि भोवती सीलर या रीतीला, मी वर्षानुवर्षं नाकारत आले, कारण जाड थरातला जुना सीलर पुढे विरघळतो. बायोसिरॅमिक सीलर मात्र दातातल्याच ओलाव्यावर घट्ट होतो आणि जवळपास आकसत नाही. त्यामुळे गोल कॅनालपुरतं माझं मत आता बदललं आहे. चपट्या कॅनालबद्दल अजून नाही.

आता रंगाचं. पोकळीत हवा अडकली की रंग तिथेच थांबतो आणि भराव घट्ट असल्याचा भास होतो. निर्वात करून तोच दात बुडव, आकडा बदलेल. दात एका रेषेत चिरलास तर गळती शेजारच्या रेषेत असू शकते. शिवाय रंगाचे कण जंतूंपेक्षा कितीतरी लहान, म्हणजे रंग गेला तिथून जंतू जातीलच असंही नाही. द्रवाचा दाब देऊन मोजलं, ग्लुकोज वापरून मोजलं, तर पद्धतींचा क्रम वेगळाच लागतो. म्हणूनच 2007 मध्ये 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स'ने असे गळतीचे अभ्यास छापणं थांबवलं.

रेझिलॉन या गटापर्चाऐवजी आलेल्या साहित्याची गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी. 2004 च्या प्रयोगात त्यातून जंतू गटापर्चापेक्षा कमी झिरपले, आणि भराव, सीलर आणि दात एकसंध होतात असं सगळे म्हणू लागले. पुढे रुग्णांच्या तोंडात तेच साहित्य झिजत गेलं, केसेस फसल्या. बरणीतल्या दाताने आपल्याला ते सांगितलं नव्हतं.

माझीही एक केस सांगते. खालची दाढ, चारही कॅनाल टोकापर्यंत सुरेख भरलेले. एक्स-रे बघून मी स्वतःवर खूश होते. रुग्णाला क्राउनसाठी, म्हणजे दातावर कॅप बसवायला, पुन्हा बोलवायचं मात्र माझ्याकडून राहिलं. कित्येक महिने तात्पुरत्या फिलिंगवर ती दाढ चालली आणि शेवटी सूज घेऊन ते परत आले. गळती वरून झाली होती. त्यांना सगळं पुन्हा सोसावं लागलं, ते मी विसरलेले नाही. रे आणि ट्रोप यांनी 1995 मध्ये 1010 दातांचे एक्स-रे तपासून वरच्या फिलिंगचं महत्त्व दाखवलं होतं. मी ते वाचलेलं होतं, तरीही चुकले.

तेव्हा विषय सोडू नकोस, प्रश्न बदल. मायक्रो-सीटी (दाताचं आतून सूक्ष्म त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे स्कॅन) मिळत असेल तर तोच दात भरण्याआधी आणि भरल्यावर स्कॅन कर, आणि रिकाम्या जागेचं आकारमान मोज. ती रिकामी जागा म्हणजे गळती नव्हे, एवढं थीसिसमध्ये स्पष्ट लिही. दात निवडताना चपट्या कॅनालचेच घे, पद्धतींमधला खरा फरक तिथेच दिसेल. कॅनाल धुण्याचा क्रम सगळ्या गटांत एकच ठेव: जंतू मारायला हायपोक्लोराइट, मग भिंतीवरचा थर काढायला 17 टक्के ईडीटीए. कॅनाल कोरताना भिंतीवर बसलेला हा थर कुठे राहिला, कुठे निघाला, तर तू भरावाची नाही, साफसफाईची तुलना करत बसशील.

गाइडशी बोलून घे, मग सुधारलेला आराखडा पाठव. नमुन्यांच्या संख्येचं गणित रविवारी दोघी मिळून करू.

तुझी,
आई