मेडिकलवाल्या भाऊंना, चार वर्षं उशिरा

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आठवड्यातून एकदा तरी मी तुमच्या दुकानात येते. औषधी घेते, पैसे देते, "बरं आहे ना?" विचारते आणि निघते. जे बोलायचं असतं ते काउंटरवर बोलता येत नाही, मागे कोणीतरी चिठ्ठी घेऊन उभं असतंच. म्हणून आज लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलं ते आपल्या ले-आऊटमधल्या अर्ध्या घरांना अजून माहीतच नाही.

फेब्रुवारी २०२१ आठवा. नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण सापडला होता ११ मार्च २०२० ला. त्यानंतरचं वर्ष कसंबसं काढल्यावर आम्ही सगळे "गेला एकदाचा" म्हणून मोकळे झालो होतो. मास्क हनुवटीवर उतरले होते. लग्नं, साक्षगंध, तेरव्या, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं होतं. माझ्या भाचीच्या साक्षगंधाला दीडशे माणूस होतं आणि मीच आग्रह करकरून वाढत होते.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बीपीच्या गोळ्या न्यायला आले. माझ्या पुढे मागच्या गल्लीतल्या काकू होत्या. हातात बामची डबी. "डुप्लिकेट माल देऊन राहिले का भाऊ? वासच नाही याला." तुम्ही डबी घेऊन झाकण उघडलं. मी दोन हात मागे उभी होते, मास्क लावून, तरी मला तो वास झणकन आला. तुम्हालाही आला असणारच. पण तुम्ही वाद घातला नाही. डबी बंद केली आणि हळूच विचारलं, "काकू, घरी फोडणीचा वास येते का?"

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दोन दिवस झाले, नाही येत." मुलाला ताप येऊन गेला होता, सुनेचं अंग दुखत होतं. तुम्ही बामचे पैसे परत केले, महानगरपालिकेच्या चाचणी केंद्रात सकाळी किती वाजता जायचं ते सांगितलं, आणि घरात कोणी म्हातारं माणूस आहे का तेही विचारलं. त्या गेल्यावर तुम्ही वळलात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, निळ्या बॉलपेननं एक ठिपका दिला.

मी विचारलं नसतं तर तुम्ही सांगितलंही नसतं. एक ठिपका म्हणजे ताप-खोकल्याची औषधी न्यायला आलेलं एक नवं घर. जानेवारीच्या पानावर ठिपके शोधावे लागत होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकेका चौकोनात पाच-सहा झाले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मागच्या साली एका घरातून एक जण बिमार पडायचा. आता अख्खं घर पडून राहिलं. काहीतरी वेगळं आहे हे."

पेपरात आकडे तेव्हा फार नव्हते, म्हणून मी तसं म्हटलंही. तुम्ही जे उत्तर दिलं ते मी नंतर कितीतरी जणांना समजावून सांगितलं. माणूस ताप आला की आधी तुमच्याकडून गोळी नेतो. दोन-तीन दिवस वाट पाहतो. उतरला नाही तर चाचणी करतो. मग रिपोर्टला एक-दोन दिवस. म्हणजे पेपरात आज जो आकडा दिसतो तो तुमच्या काउंटरवर आठवडाभर आधीच येऊन गेलेला असतो. आणि जे चाचणीच करत नाहीत ते पेपरात कधी येतच नाहीत.

नुसतं पाहून तुम्ही गप्प बसला असतात तरी तुम्हाला कोणी काही म्हटलं नसतं. पण तुम्ही ते पान भिंतीवरून काढलं आणि मंदिराच्या कमिटीकडे गेलात. ५ मार्चला गजानन महाराजांचा प्रकटदिन होता. आपल्याकडे त्या दिवशी झुणका-भाकरीची पंगत म्हणजे चार ले-आऊटची माणसं मांडीला मांडी लावून. तुम्ही हात जोडून म्हणालात, या साली पंगत नको. त्या बैठकीत आमचे हे होते. कोणी म्हणालं, "भीती घालून धंदा वाढवून राहिले." तुम्ही कॅलेंडरचं पान पुढे ठेवलं आणि म्हणालात, "धंदा पाहिला असता तर पंगत होऊ दिली असती."

प्रशासनानं शाळा-कॉलेजं आणि मंगल कार्यालयं बंद ठेवायचं जाहीर केलं २२ फेब्रुवारीला. तुम्ही त्याच्या चार दिवस आधी बोलला होतात. पुढे ज्याला जगानं डेल्टा म्हटलं तो विषाणू तेव्हा आपल्या विदर्भात पसरून राहिला होता. आपल्यापैकी कोणालाच ते नाव ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नाही. तुमच्याजवळ फक्त ते ठिपके होते. पंगत झाली नाही. भाकरी-झुणक्याची पाकिटं घरोघरी गेली.

आता आमच्या घराचं. १५ ते २१ मार्चचं लॉकडाऊन संपता संपता बाबांना ताप आला. वय ७७, साखरेचा त्रास जुना. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची चिठ्ठी घेऊन हे तुमच्याकडे आले, त्यातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या बाबांसाठी मागायला. तुम्ही दिल्या नाहीत. "चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची आहे, आणि ऑक्सिजन कमी झाल्याशिवाय ही गोळी फायद्याची नाही, साखर मात्र चढवते." हे रागारागानं घरी आले. खरं सांगते, मलाही राग आला होता. माणूस तापानं फणफणून राहिला आणि मेडिकलवाले भाऊ कायदा शिकवतात, असं मी बोलले. मे महिन्यात शहरात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढायला लागले, साखर आणि स्टेरॉइड हे दोन शब्द रोज कानावर पडू लागले, तेव्हा मला माझं ते बोलणं आठवून रात्री झोप लागली नाही.

गोळी दिली नाही, पण संध्याकाळी तुम्ही स्वतः ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, घेऊन फाटकाशी आलात. बाजारात ते मिळत नव्हतं. तुमच्याकडे तीन होते आणि ते विकायचे नाहीत, फिरवायचे, असं तुम्ही ठरवलं होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलंत. सोबत पाठकोऱ्या कागदावर लिहून: दिवसातून चार वेळा बोटाला लावा. मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालवा, पुन्हा लावा. ९४ च्या खाली गेलं की फोन. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत डोळ्यात तेल घालून पाहा.

सहावा दिवस. बाबा खुर्चीत बसून चहा पीत होते, पेपर वाचत होते. बसल्या बसल्या ९५. सहा मिनिटं चालवलं आणि ८९. दम नाही, धाप नाही, तक्रार काहीच नाही. "यंत्र बिघडलं असेल" असं तेच म्हणाले. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, हात चोळून गरम करा, दुसरं बोट लावा. पुन्हा ८९. "वहिनी, आता सकाळची वाट पाहू नका." एका खासगी रुग्णालयानं आधी पैसे भरा म्हणून दोन तास बाहेरच बसवून ठेवलं. शेवटी तुम्हीच कोणाकोणाला फोन लावून सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात खाट मिळवून दिलीत. तेरा दिवस ऑक्सिजनवर काढून बाबा घरी आले.

एप्रिलमध्ये जिल्ह्याचा एका दिवसाचा आकडा ७ हजारांवर गेला. २३ तारखेला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे नागपूरला आली, तेव्हा लोकांनी ती टीव्हीवर देव आल्यासारखी पाहिली. बाबांचं दुखणं आम्ही पंधरा दिवस उशिरा ओळखलं असतं तर खाट कुठून आणली असती, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

आणि त्याच एप्रिलमध्ये तुमचे दादा गेले. इतकी वर्षं सकाळचा काउंटर त्यांचा होता. जानेवारीत लस आली ती आधी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना. तापलेल्या माणसाच्या हातून रोज चिठ्ठी घेणारा दुकानदार त्या पहिल्या यादीत नव्हता. १ एप्रिलला ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, त्या दिवशी दादा तापानं झोपून होते. तुमचं शटर तीन दिवस बंद राहिलं. चौथ्या दिवशी अर्धं उघडलं. मी आले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त विचारलं, "बाबा जेवून राहिले ना नीट?"

तुमचंच घर बसलं होतं आणि तुम्ही आमच्या बाबांच्या जेवणाचं विचारत होता. मी हो म्हणाले आणि गोळ्या घेऊन निघून आले. दादांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. तेरवीला यायची तेव्हा सोय नव्हती, हे कारण खरं आहे. पण नंतर चार वर्षांतही मी आले नाही, त्याला कारण नाही. भाऊ, त्याची मला माफी मागायची आहे. आभार त्याच्या नंतर.

२०२५ च्या मे महिन्यात कोविडच्या बातम्या पुन्हा यायला लागल्या तेव्हा मी दुकानात आले आणि आधी भिंतीकडे पाहिलं. चौकोनात दोन ठिपके होते. तुम्ही म्हणालात, "घाबरण्यासारखं नाही वहिनी, पण मोजून राहिलो." रात्री मी बाबांना ते सांगितलं. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी विचारलं, "त्यांचं यंत्र परत केलं का?"

नाही केलं. ते अजून देवघराच्या खणात आहे, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, तुमच्या पाठकोऱ्या कागदासकट. सेल नवीन टाकलेत, स्पिरिटनं पुसून ठेवलंय. रविवारी दुपारी दुकान बंद असते तेव्हा तुमच्या घरी घेऊन येते. बाबाही येतो म्हणतात. मोठ्या वहिनींना सांगा, चहा-पाण्याची गडबड करू नका. आम्हाला दादांच्या फोटोपुढे थोडा वेळ बसायचं आहे.

तुमची,
तिसऱ्या गल्लीतली वहिनी
मानेवाडा, नागपूर